तालीम आणि ताबा

एका पावसाळ्यातल्या जुम्म्याची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावच्या मशिदीत खुतबा सुरू होता. तिसऱ्या सफमध्ये एक गृहस्थ आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन बसले होते. मुलगा दोन्ही हात पंखांसारखे हलवत होता आणि एका लयीत गुणगुणत होता. लाऊडस्पीकर खरखरला की तो कानांवर तळवे दाबून धरी आणि त्याचे गुणगुणणे वाढे. दोघाचौघांनी मागे वळून पाहिले. शेवटी एका बुजुर्गांनी आवाज दिला, "बच्चे को बाहर लेके जाव मियाँ, सबकी नमाज खराब होती." गृहस्थ उठले आणि मुलाचा हात धरून निघून गेले. त्यानंतर ते जुम्म्याला दिसले नाहीत.

काही आठवड्यांनी बाजारात त्यांची गाठ पडली. मुलाला ऑटिझम आहे, असे जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही शाळेत उमर घालवलेली, म्हणून त्यांनी आम्हाला विचारले, "सर, इसको चुप खडा रहना सिखाते क्या कहीं?" शिकवतात, हे आम्हाला ऐकून-वाचून माहीत होते. पण उत्तर देताना जीभ अडखळली. शांत उभे राहणे ही गरज त्या मुलाची होती, त्याच्या बापाची होती, की मागे वळून पाहणाऱ्या आम्हा नमाजींची? मुलाला शिकवायचे ते कोणासाठी, हा तो प्रश्न. या लेखाचे मूळ त्या अडखळण्यात आहे.

मराठीत या अवस्थेला 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे नाव मुलांच्या संदर्भात स्थिरावले. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्याचेच हे मराठी रूप. शब्द सोयीचा आहे, पण थोडा फसवाही आहे. मूल जाणूनबुजून स्वतःत रमले आहे, जोराने हाक मारली तर बाहेर येईल, असा त्यातून भास होतो. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणे, बोलण्याची देवघेव, अचानक झालेला बदल सोसणे, आवाज-उजेड-स्पर्श यांची जाणीव, या साऱ्यांमागची मेंदूची घडणच निराळी असते. कोणी मूल अजिबात बोलत नाही. कोणी लांबलचक सूरा ऐकून ऐकून तोंडपाठ म्हणते, पण तहान लागली तर 'पाणी द्या' म्हणू शकत नाही. कोणी शाळेत पहिले येते, मात्र मधल्या सुट्टीच्या गोंगाटात कोसळून पडते. औषधाने उतरावा असा हा ताप नव्हे. ती माणसाची जन्मभराची जडणघडण आहे.

आपल्या घरांत याची पहिली ओळख वेगळ्याच नावांनी होते. नजर लागली, साया पडला, मगरिबच्या वेळी आई झाडाखालून गेली होती, असे सांगितले जाते. मग दम केलेले पाणी, ताईत, दर्ग्याची हाजिरी. लेकरासाठी चौकटीवर डोके टेकणाऱ्या आईची आम्हाला थट्टा करायची नाही. तिची दुआ खरी असते. पण ज्या दोन-तीन वर्षांत मूल सर्वांत लवकर शिकू शकले असते ती वर्षे या फेऱ्यांत जातात, आणि शेवटी दोष येऊन बसतो तो आईच्याच पदरात.

हे केवळ अडाणीपणाने होते असे मात्र कोणी समजू नये. शिकागोमध्ये मनोविकारग्रस्त मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली एक गाजलेला ग्रंथ लिहिला. आईच्या थंड, प्रेमहीन वागण्यामुळे मूल स्वतःभोवती तटबंदी उभी करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कितीतरी आयांनी त्या काळात स्वतःच्या मुलाची गुन्हेगार म्हणून दिवस काढले. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ सालीच या अवस्थेचे मूळ शारीरिक आहे असे साधार मांडले होते. १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या एकवीस जोड्या तपासल्या आणि आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला. तेव्हा कुठे आई हळूहळू आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आली. आमच्या मोहल्ल्यातला साया आणि शिकागोतल्या पंडिताचा सिद्धांत, दोन्हींनी एकच काम केले. मूल न समजल्याचा राग त्याच्या आईवर काढला.

आता शिकवण्याकडे वळू. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इवार लोवास यांनी साठच्या दशकात या मुलांना शिकवायला घेतले. त्यांचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. त्या काळी अशी मुले मोठ्या संस्थांत आयुष्यभर डांबली जात. ही मुले शिकूच शकत नाहीत, ही समजूत लोवास यांनी नाकारली. कोणतेही कौशल्य लहान लहान पायऱ्यांत तोडायचे, प्रत्येक पायरीला बक्षीस द्यायचे, पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. वर्तन-विश्लेषणावर उभी असलेली ही पद्धत आज 'एबीए' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. पण बक्षिसाच्या जोडीला शिक्षाही होती. सुरुवातीच्या वर्षांत ओरडणे, चापटी आणि प्रयोगशाळेत विजेचे झटकेसुद्धा वापरले गेले. १९६५ साली 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली होती. १९८७ साली लोवास यांनी आपले प्रसिद्ध निष्कर्ष मांडले. एकोणीस लहान मुलांना दोन वर्षे किंवा अधिक काळ आठवड्याला सुमारे चाळीस तास शिकवले, आणि त्यांतली नऊ मुले सामान्य बुद्ध्यांक गाठून सामान्य वर्गात बसू लागली. या अभ्यासातही जोराने 'नाही' म्हणणे आणि क्वचित मांडीवर चापट मारणे हे उपचाराचा भाग होते. मुलांची गटवाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे त्या आकड्यांवर पुढे बरेच आक्षेप आले. तरीही जगभरच्या आईबापांना त्या नऊ मुलांत आपले मूल दिसले. दिसणारच.

लोवास यांची या मुलांकडे पाहण्याची दृष्टी आम्हाला त्यांच्या आकड्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करते. १९७४ सालच्या एका मुलाखतीत त्यांनी म्हटले होते की, अशा मुलाच्या ठायी देह असतो, पण मानसिक अर्थाने माणूस नसतो. तो आपल्याला घडवावा लागतो. एकदा समोर कच्चा माल आहे असे मानले की घडवणाऱ्याच्या हाताला मर्यादा उरत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका संस्थेत तर अंगावर बांधलेल्या यंत्रातून झटके देण्याची रीत एकविसाव्या शतकातही चालू राहिली. तिथल्या सरकारी औषध प्रशासनाने २०२० साली त्या यंत्रांवर बंदी घातली, आणि २०२१ साली न्यायालयाने ती बंदी रद्द केली. एबीए मानणाऱ्या बहुसंख्य शिक्षकांनी शिक्षेचा मार्ग केव्हाच सोडला आहे, हे इथे नमूद केले पाहिजे. पण मूल माणूस आहे की माणूस घडवण्याचा माल, हा प्रश्न छडी टाकून दिल्याने सुटत नाही. खडीसाखर दाखवूनही ताबा घेता येतो.

या प्रश्नाला सर्वांत स्पष्ट वाचा फोडली ती स्वतः स्वमग्न असलेल्या प्रौढांनी. जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने १९९३ साली आईबापांना उद्देशून एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा होता की, तुम्हाला हवे असलेले मूल जन्मले नाही म्हणून तुम्ही शोक करता, पण जे मूल जन्मले आहे ते तुमच्यासमोर उभे राहून तुमची वाट पाहत आहे. त्यानंतर अनेकांनी आपले अनुभव लिहिले. डोळ्याला डोळा भिडवायला लावले तेव्हा समोरच्याचे बोलणेच ऐकू येईनासे होई. हात हलवणे बंद केले तेव्हा मनाला थारा देणारी एकच गोष्ट हिरावली गेली. दिवसभर 'सामान्य' दिसण्याची कसरत करून रात्री घरी कोसळायला होई. 'आम्हाला शिकवले ते आमच्यासाठी नव्हे, तुमच्या डोळ्यांच्या सोयीसाठी,' असा त्यांच्या तक्रारीचा सारांश सांगता येईल.

हे वाचून आम्ही जवळपास निकाल देऊन टाकला होता. पण एका मातेने आम्हाला थांबवले. तिचा मुलगा बारा वर्षांचा आहे. तो बोलत नाही, भिंतीवर डोके आपटतो, रक्त येईपर्यंत मनगट चावतो, दार उघडे राहिले तर थेट रस्त्यावर धावतो. ती म्हणाली, "ज्यांना पुस्तक लिहिता येतं ते सांगणार की आम्हाला बदलू नका. माझ्या लेकराला बदलू नको, तर काय करू? त्याचं डोकं फुटताना बघत बसू?" या प्रश्नापुढे कोणतेही तत्त्वज्ञान नम्र झाले पाहिजे. काहीच न शिकवणे म्हणजे मुलाचा आदर नव्हे. अनेकदा तो आपला आळस असतो आणि त्याला आपण मोठे नाव दिलेले असते.

म्हणून 'शिकवावे की नाही' हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. काय शिकवावे आणि कोणाच्या भल्यासाठी, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते मुलाच्या वागण्याचे तीन ढीग करून पाहावेत. पहिल्या ढिगात मुलाला इजा करणारे वागणे येते. डोके आपटणे, रस्त्यावर धावणे, काहीही गिळणे. ते थांबवलेच पाहिजे, आणि त्यामागचे कारण शोधूनच थांबवले पाहिजे. दाढ दुखत असेल, कानात ठणका असेल, सांगता न आल्याचा संताप असेल. दुसऱ्या ढिगात त्याचे जगणे अडवणाऱ्या उणिवा येतात. मागता न येणे, संडासला जायचे आहे हे कळवता न येणे, कपडे घालता न येणे. हे शिकवणे त्याचा हक्क आहे. तिसऱ्या ढिगात मात्र आपल्याला लाज आणणाऱ्या गोष्टी असतात. हात हलवणे, गुणगुणणे, नजर न मिळवणे, एकच खेळणे तासन् तास फिरवणे. या ढिगाला हात लावण्याआधी आपण आपल्या नियतीला विचारावे. अमल नियतीवर तोलले जातात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती तराजू नमाज-रोजापुरतीच ठेवायची आणि लेकराला शिकवताना बाजूला सारायची, असे कुठे सांगितले आहे?

इस्लामी कायद्यात याला एक जवळचा दाखला आहे. यतीमाच्या मालमत्तेवर वली नेमला जातो. त्याला अधिकार मोठे असतात, पण तो त्या मालाचा मालक नसतो. यतीमाच्या भल्यासाठी तो खर्च करू शकतो, स्वतःच्या सुखासाठी नाही, आणि यतीमाचा माल गिळणाऱ्याला कुरआनने फार कडक शब्दांत बजावले आहे. स्वमग्न मुलाचे आईबाप आणि शिक्षक हे असेच वली आहेत. माल आहे त्या मुलाचे बालपण, त्याचे दिवसाचे तास, त्याची शक्ती. मोहल्ल्यात आपली मान खाली जाऊ नये म्हणून त्या तासांचा खर्च केला, तर तो अमानतीतला गैरव्यवहारच झाला.

पण नियत मनात लपलेली असते आणि आपण स्वतःलाही फसवतो. बाहेरून तपासता येईल अशी एखादी कसोटी हवी. ती आम्हाला त्याच मशिदीतल्या मुलाने दिली.

आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. मुलाच्या आईने जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन चित्रांची पद्धत शिकून घेतली होती. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात ही पद्धत सुरू केली. मुलाला हवी ती वस्तू चित्रावर असते. चित्र उचलून समोरच्याच्या हातात दिले की ती वस्तू मिळते. बोलता न येणाऱ्याला मागता येऊ लागते. या मुलाच्या वहीत पाणी, केळे, झोका, अम्मी, अब्बा अशी चित्रे वेल्क्रोने चिकटवलेली होती, आणि आईने स्वतःच्या मनाने एक वाढवले होते. लाल फुलीचे. आम्ही मुसाफ्यासाठी हात पुढे केला. मुलगा मागे सरकला, त्याने वही उलगडली आणि लाल फुली आमच्या तळहातावर ठेवली. अब्बा शरमले, रागावून म्हणाले, "बेटा, सलाम कर सर को." आई मात्र शांतपणे म्हणाली, "उसने ना बोला है जी. पहले फेंकता था, काटता था. अब बोलता है."

आम्ही हात मागे घेतला आणि तो आपल्याच छातीवर ठेवून सलाम केला. मुलगा पुन्हा झोक्याकडे गेला.

त्या दिवसापासून आमची कसोटी ठरली. ज्या शिक्षणाने मुलाला 'नको' म्हणता येऊ लागते ती तालीम, आणि ज्या शिक्षणाने त्याचे 'नको' मोडून निघते तो ताबा. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला काय किंमत? धर्मात सक्ती नाही हे आपण चारचौघांत अभिमानाने सांगतो. त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. आपला कलमाही 'ला' या शब्दाने, म्हणजे 'नाही'ने सुरू होतो. नकारानंतर येते म्हणून त्या ग्वाहीला ग्वाहीचे मोल. व्यवहारातही याला कारण आहे. जे मूल मोठ्यांची प्रत्येक आज्ञा बिनतक्रार पाळायला शिकते, ते उद्या वाईट हेतूने जवळ येणाऱ्या माणसाचीही आज्ञा पाळते. अपंग मुलांवर अत्याचाराचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो. त्यांना 'नको' शिकवणे हे त्यांच्या अब्रूचे कवच आहे.

यावर कोणी म्हणेल, मूल दात घासायला आणि दवाखान्यात जायलाही 'नको' म्हणेल. म्हणेलच. त्याचे प्रत्येक 'नको' मान्य करावे असे आमचे म्हणणे नाही. वलीला काही वेळा नकार ओलांडावा लागतो. पण 'तू नको म्हणालास ते मला समजले, तरी सुई टोचावी लागेल' असे त्याच्या भाषेत, त्याच्या चित्रांत सांगणे वेगळे, आणि त्याचा नकार नकारच नाही असे मानणे वेगळे. पहिल्यात माणसाशी माणसाचा व्यवहार आहे.

उलट बाजूची चूकही लक्षात ठेवायला हवी. मुलाचा आवाज ऐकण्याच्या उताविळीत आपण त्याच्या तोंडी आपलेच शब्द घालतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेत एक पद्धत पसरली होती. न बोलणाऱ्या मुलाचा हात साहाय्यकाने धरायचा आणि मूल टंकयंत्रावर वाक्ये लिहायचे. आईबापांना आनंदाश्रू आले. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि साहाय्यकाला दुसरे चित्र दाखवले, तेव्हा साहाय्यकाने पाहिलेले चित्रच लिहिले गेले. म्हणजे लिहीत होता तो साहाय्यक, स्वतःच्याही नकळत. ती लाल फुली मुलाने एकट्याने, आमच्या इच्छेविरुद्ध आमच्या हातावर ठेवली होती. म्हणून आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला.

भाषेचा एक मुद्दा आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाचा आहे. घरात दखनी किंवा कोकणी, मदरशात उर्दू आणि अरबी, शाळेत मराठी, वर इंग्रजीचा सोस. अशा घरातल्या मुलाला बोलायला उशीर झाला की शहाणी माणसे सांगतात, 'घरची बोली बंद करा, एकच भाषा ठेवा.' कितीतरी आयांनी हे प्रामाणिकपणे पाळले. ज्या बोलीत त्यांना लाड करता येत होते ती सोडून त्या मुलाशी मोडक्यातोडक्या परक्या भाषेत बोलू लागल्या, आणि दादी तर बोलायचीच बंद झाली. गेल्या काही वर्षांत कॅनडासह अनेक देशांत झालेल्या अभ्यासांत, दोन भाषांच्या घरात वाढल्याने स्वमग्न मुलाच्या भाषेला जास्त उशीर होतो असे आढळलेले नाही. तेव्हा घरची बोली तोडू नका. ज्या भाषेत मुलावर प्रेम केले जाते ती भाषा त्याच्यापासून काढून घेणे हाही ताब्याचाच एक प्रकार आहे.

आता पैशाचा प्रश्न. आठवड्याला चाळीस तासांचा हिशेब ऐकून हातावर पोट असलेल्या बापाने काय करावे? फळाची गाडी लावणाऱ्याला, यंत्रमागावर बसणाऱ्याला तो आकडा म्हणजे आपल्या मुलाच्या शिक्षेचा हुकूम वाटतो. पण गेल्या काही वर्षांतले संशोधन थोडा दिलासा देते. २०१० साली जेराल्डिन डॉसन आणि सॅली रॉजर्स यांच्या गटाने अठ्ठेचाळीस तान्ह्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिकवणे खेळातून, मुलाच्या आवडीच्या मागे जाऊन होते; चापटीला जागाच नव्हती. त्या मुलांच्या बुद्ध्यांकात सरासरी सतरा गुणांहून अधिक वाढ झाली, तर नेहमीची मदत मिळालेल्यांत सुमारे सात. २०२४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा जास्त तास म्हणजे जास्त फायदा असा संबंध दिसला नाही. आणखी एक बोच मात्र मनात ठेवावी. २०२१ साली दीडशे अहवाल तपासले गेले, तेव्हा उपचारामुळे मुलाला काही त्रास झाला का, याची नोंद फारच थोड्यांत सापडली. फायदा मोजला गेला, तोटा कोणी विचारलाच नाही.

आमच्या मनाला सर्वांत भिडला तो गोवा आणि रावळपिंडी इथे एकाच वेळी झालेला प्रयोग. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांची पासष्ट मुले त्यात होती. इंग्लंडमध्ये तज्ज्ञांनी वापरलेली पद्धत इथे साध्या, तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवण्यात आली. कार्यकर्ता आई आणि मूल खेळताना त्यांचे चित्रण करी आणि नंतर आईसोबत बसून ते पाही. 'बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिले. इथे तुम्ही थांबलात, म्हणून त्याने पुढाकार घेतला.' शिकायचे होते ते आईबापांनी. थांबायला, पाहायला, मुलाच्या मागून चालायला. आईबापांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला आणि मुले आपणहून त्यांच्याशी संवाद सुरू करू लागली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आया आपापल्या भाषेत एकच गोष्ट शिकत होत्या, की मुलाला बदलण्याआधी मुलाकडे नीट पाहायचे असते.

पैशाच्या बाबतीत दुसरा धोका लबाडांचा आहे. मूळ पेशींची सुई, शरीरातला धातू काढण्याची औषधे, बंद पेटीतला प्राणवायू, यांच्यासाठी लोक दागिने आणि जमीन विकतात. धातू काढण्याच्या अशाच उपचारात २००५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा मुलगा दगावला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑटिझमवरील मूळ पेशींच्या वापराला सिद्ध उपचार मानलेले नाही. लसीमुळे ऑटिझम होतो ही १९९८ सालची आवई ज्या लेखाने उठवली, तो लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. आपल्या वस्त्यांत लसीबद्दल आधीच कुजबुज असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. जे हक्काचे आहे ते मात्र मागून घ्यावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि त्याखाली 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांतही ऑटिझम आहे. शाळेने 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून मूल परत पाठवणे त्या कायद्याला धरून नाही.

कायदा शाळेचे दार उघडेल, मशिदीचे दार मात्र आपणच उघडायला हवे. वेड्यावरून आणि लहान मुलावरून हिशेबाची लेखणी उचलली आहे, ही हदीस आपण सांत्वनासाठी सांगतो. ती रहमत आहे. पण आपण त्या सवलतीचा अर्थ फिरवला. 'त्याच्यावर फर्ज नाही, मग आणता कशाला?' गुनाह नसणे म्हणजे जागाही नसणे, हे कोणी ठरवले?

अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम आंधळे होते. प्रेषितांकडे ते धर्म शिकायला आले, तेव्हा कुरैशांच्या सरदारांशी महत्त्वाची बोलणी चालली होती. प्रेषितांच्या कपाळाला आठी पडली, आणि त्या आठीवर कुरआनमध्ये एक सूरा उतरली. ज्याला ती आठी दिसूही शकत नव्हती, त्याच्या बाजूने. पुढे हेच आंधळे सहाबी मदिनेत अजान देत आणि प्रेषित बाहेर गेले असता शहराचा कारभारही पाहत. नमाजमध्ये लहानग्या नातीला, उमामाला, प्रेषितांनी खांद्यावर घेतल्याची आणि मुलाचे रडणे ऐकून नमाज आटोपती घेतल्याची हदीसही आपल्याला माहीत आहे. रडण्याने त्यांची नमाज खराब झाली नाही. त्यांनी ती त्या मुलाच्या आणि त्याच्या आईच्या मापाने केली.

त्या गृहस्थांना आम्ही अखेर उत्तर दिले, ते असे. त्याला शांत उभे राहायला शिकवण्याची घाई करू नका. आधी त्याला कळू द्या की इथे काय होणार आहे, किती वेळ होणार आहे आणि नको झाले तर बाहेर कसे पडायचे. त्याच्या वहीत मशिदीचे चित्र लावा आणि शेजारी लाल फुली राहू द्या. त्याला यायचे असेल तर येईल. उरलेले काम आमचे आहे.

आणि ते काम आम्ही मशीद कमिटीपुढे ठेवले आहे. लाऊडस्पीकरची खरखर दुरुस्त करावी, मागच्या दाराजवळची शेवटची सफ अशा मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी राखावी, आणि इमामसाहेबांनी एका जुम्म्याला यावर दोन शब्द बोलावेत. खर्च फारसा नाही. पहिली मागणी लगेच मंजूर झाली. उरलेल्या दोन्हींवर चर्चा चालू आहे. ज्या बुजुर्गांनी त्या दिवशी आवाज दिला होता, तेही कमिटीत आहेत. त्यांनी आम्हाला विचारले, "वो बच्चा समझता कितना है?" आम्ही म्हणालो, "चाचा, त्या दिवशी आपण त्याला बाहेर काढलं, तेवढं तर त्याला नक्कीच समजलं." ते गप्प राहिले. पुढची बैठक याच महिन्यात आहे.